‘चालता येते का?’ : दिव्यांगत्वाच्या फेरतपासणीत चालण्यातला बदल कसा सांगायचा

माझा धाकटा भाऊ फेरतपासणीला निघाला त्या सकाळी आईने त्याला इस्त्रीचा शर्ट घालायला लावला. डॉक्टरांसमोर जायचं म्हणजे नीटनेटकं जायला हवं, एवढाच तिचा विचार. त्याला सिकलसेल, म्हणजे रक्ताचा आनुवंशिक आजार आहे आणि उजव्या खुब्याचं हाड झिजलेलं आहे. आत त्याला विचारलं, “चालता येते का?” तो म्हणाला, “येते ना जी.” “जिना चढता?” “चढतो.” दहा मिनिटांत सगळं आटोपलं. बाहेर येऊन ऑटोत बसताना त्याने उजवा पाय दोन्ही हातांनी उचलून आत घेतला. ते आत कुणी पाहिलं नाही आणि त्यानेही सांगितलं नाही. पुढचे दोन दिवस तो गोळ्या घेऊन अंथरुणावर पडून होता. नवं प्रमाणपत्र आलं तेव्हा आधीच्या ४८ टक्क्यांचे ३६ झाले होते.

तो खोटं बोलला नव्हता. त्याला चालता येतंच. पण किती चालता येतं, कसं, मध्ये किती वेळा थांबून आणि त्यानंतर अंगाची काय गत होते, हे चारही प्रश्न त्या एका ‘हो’ने पुसून टाकले. तेव्हापासून नागपुरातल्या इंदोरा, पाचपावली भागातल्या ओळखीच्या लोकांबरोबर मी बऱ्याचदा अशा तपासणीला गेले आहे. जवळपास प्रत्येक जण पहिल्यांदा हेच उत्तर देतो. आपल्याकडे दुखणं अंगावर काढायची सवय आहे आणि परक्यासमोर ‘जमत नाही’ म्हणायची लाज आहे. म्हणून हे सगळं बयाजवार लिहिते आहे.

ही तपासणी नेमकी कोणती?

लोक दोन वेगळ्या गोष्टींना ‘फेरतपासणी’ म्हणतात आणि तिथेच गोंधळ होतो.

एक तपासणी वैद्यकीय मंडळाची. दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम २०१६ नुसार जे प्रमाणपत्र आणि यूडीआयडी कार्ड (दिव्यांगांचं ओळखपत्र) मिळतं, ते दोन प्रकारचं असतं. दिव्यांगत्वात पुढे बदल होण्याची शक्यता नसेल तर कायमस्वरूपी, आणि शक्यता असेल तर ठरावीक मुदतीचं. सिकलसेलमधला खुबा, अपघातानंतरचा पाय, लकव्यानंतर सुधारत असलेली बाजू अशा बाबतीत बहुधा मुदतीचंच मिळतं. ही मुदत संपताना पुन्हा मंडळासमोर जावं लागतं. नागपुरात मेडिकल आणि मेयो या दोन शासकीय रुग्णालयांमध्ये ही प्रमाणपत्रं दिली जातात.

दुसरी तपासणी तहसीलची. संजय गांधी निराधार अनुदान योजनेच्या लाभार्थ्याला दरवर्षी हयातीचा आणि उत्पन्नाचा दाखला द्यावा लागतो. तिथे तुमचं चालणं कुणी पाहत नाही, कागद पाहतात. पण प्रमाणपत्राची मुदत उलटून गेलेली असेल तर गाडी तिथेच अडते. त्यामुळे आज हा लेख वाचून झाल्यावर पहिलं काम एकच करा: प्रमाणपत्र काढा आणि त्यावर ‘कायमस्वरूपी’ लिहिलं आहे की तारीख आहे ते पाहा. तारीख असेल तर ती भिंतीवरच्या कालनिर्णयवर लिहून ठेवा. प्रमाणपत्र देण्यासाठी २०२४ च्या सुधारित नियमांनी तीन महिन्यांची मुदत दिली आहे, तेव्हा निदान चार महिने आधी अर्ज करावा असं मी सांगते.

टक्क्यांच्या दोन पायऱ्या

पहिली पायरी ४० टक्क्यांची. त्याखाली गेलात की संजय गांधी योजनेचं अनुदान, एसटीची सवलत, नोकरीतलं आरक्षण, सगळंच अडचणीत येतं. संजय गांधी योजनेत दिव्यांगांसाठी कौटुंबिक उत्पन्नाची मर्यादा वर्षाला ५०,००० रुपये आहे. अनुदान महिन्याला १,५०० रुपये होतं, ते ऑक्टोबर २०२५ पासून दिव्यांगांसाठी २,५०० करण्यात आलं. दुसरी पायरी ८० टक्क्यांची. केंद्राच्या इंदिरा गांधी राष्ट्रीय दिव्यांग निवृत्तीवेतनासाठी एवढं दिव्यांगत्व आणि दारिद्र्यरेषेखालचं कुटुंब, दोन्ही लागतं. आता कार्डाच्या रंगावरूनही हे कळतं: ४० च्या आत पांढरा, ४० ते ८० च्या मधला पिवळा, ८० आणि वर निळा.

४२ किंवा ४५ टक्के असलेल्या माणसाने म्हणूनच सर्वांत जास्त तयारीने जावं. एखादी गोष्ट सांगायची राहिली तरी तो पायरीखाली घसरू शकतो.

मंडळ काय मोजतं, आणि आपण घरी काय पाहायचं

हा भाग सावकाश वाचा. पायाचं दिव्यांगत्व ठरवताना डॉक्टर दोन बाजू पाहतात. एक हालचालीची: सांधा किती अंशात वाकतो हे गोनिओमीटर नावाच्या कोनमापकाने मोजतात, स्नायूंची ताकद ० ते ५ अशा श्रेणीत तपासतात, पाय आखूड झाला असेल तर टेपने मोजतात. यात आपण सांगण्यासारखं थोडंच असतं.

दुसरी बाजू स्थिरतेची, आणि आपलं बोलणं तिथे कामी येतं. केंद्राच्या मार्गदर्शक सूचनांमध्ये यासाठी नऊ क्रिया दिल्या आहेत आणि प्रत्येकीला १० टक्के, म्हणजे एकूण ९० धरले आहेत. सपाट जमिनीवर चालणं, उतारावर चालणं, जिना चढणं, दोन्ही पायांवर उभं राहणं, दुखऱ्या पायावर उभं राहणं, उकिडवं बसणं, मांडी घालून बसणं, गुडघे टेकणं आणि वळणं. अंतिम आकडा ही सगळी बेरीज सरळ करून निघत नाही, दोन्ही बाजू एका सूत्राने जोडल्या जातात. तरीही या नऊ गोष्टी माहीत असल्या की आपण कशाबद्दल बोलायचं हे कळतं.

पाहा ना, यातल्या निम्म्या गोष्टी आपल्या घरातल्याच आहेत. मांडी घालून बसणं म्हणजे पंगतीत जेवायला बसणं. तुम्ही गेल्या वर्षी खाली बसून जेवत होतात आणि आता पलंगाच्या कडेला बसून ताट मांडीवर घेता का? हा बदल आहे, तो सांगा. उकिडवं बसणं म्हणजे देशी संडास. घरात कमोड बसवून घ्यावा लागला असेल किंवा प्लास्टिकची संडासाची खुर्ची आणली असेल, तर कधी आणली ते सांगा. गुडघे टेकणं म्हणजे देवासमोर, बुद्धवंदनेला किंवा नमाजाला बसणं. आता खुर्चीवर बसून करता ना? मग तेही सांगा. वळणं हे सगळ्यात दुर्लक्षित. आमच्या शेजारच्या काकू सरळ चालताना बऱ्या दिसत, पण स्वयंपाकघरात ओट्याकडून मागे वळायचं झालं की फ्रिजला हात लावूनच वळत. फ्रिजच्या कडेला त्यांच्या हाताचा कळकट डाग पडला होता. त्या डागाकडे बोट दाखवेपर्यंत आपण आधार घेतो हे त्यांनाही ठाऊक नव्हतं.

तुमच्याही घरात असे डाग, अशा जागा असतील: दाराची चौकट, जिन्याचा कठडा, पाण्याच्या टाकीची कड. एक दिवस घरातल्या कुणाला तरी तुमच्यावर लक्ष ठेवायला सांगा. आपण कुठे कुठे हात टेकतो हे आपलं आपल्याला दिसत नाही.

दोन आठवड्यांची वही

तपासणीच्या आधी सलग चौदा दिवस वही लिहा. मोबाइलमध्ये बोलून ठेवलं तरी चालेल, पण नंतर कागदावर उतरवा. रोज तीन-चार ओळी पुरतात. ‘खूप दुखतं’, ‘चालवत नाही’ असं लिहू नका. त्यातून डॉक्टरांना काहीच मोजता येत नाही. अंतर, वेळ, थांबे, आधार आणि नंतरचा त्रास, हे पाच शब्द वहीच्या पहिल्या पानावर लिहून ठेवा.

अंतर मोजायला फार काही लागत नाही. घरापासून किराणा दुकान किती दूर आहे ते मोबाइलच्या नकाशात पाहता येतं. नाहीतर घरातल्या धडधाकट माणसाला पावलं मोजत जायला सांगा आणि त्याचं एक पाऊल टेपने मोजून गुणाकार करा. असे दोन-तीन टप्पे एकदा पक्के झाले की पुढे तीच तुमची फूटपट्टी. भावाच्या वहीतलं एक पान त्याच्या परवानगीने देते:

“मंगळवार. सकाळी दुधाच्या दुकानात गेलो, १४० मीटर. काठी घेतली. जाताना एकदा थांबलो, पिंपळाच्या पाराला टेकून, तीन मिनिटं. येताना दोनदा. जायला-यायला मिळून १९ मिनिटं, दादाला सात लागतात. आल्यावर मांडीत ठणका, दुपारी गोळी घेतली. संध्याकाळी वर गच्चीवर गेलो नाही. बुधवारी दूध आईने आणलं.”

त्या शेवटच्या वाक्याकडे माझं लक्ष दर वेळी जातं. मंगळवारी जमलं ते बुधवारी जमलं नाही. एखादी गोष्ट एकदा करता येणं आणि रोज करता येणं यात फरक आहे. मंडळासमोरच्या दहा पावलांत तो दिसत नाही, वहीत दिसतो.

बरे दिवस, वाईट दिवस

विदर्भात सिकलसेलची घरं पुष्कळ आहेत आणि हा आजार अधिनियमातल्या २१ दिव्यांगत्वांपैकी एक आहे. यात हाडाचा रक्तपुरवठा अडून खुब्याच्या सांध्याचा गोळा झिजतो, ज्याला डॉक्टर एव्हीएन म्हणतात. सिकलसेलचं मूल्यमापन वेगळ्या निकषांनी होतं आणि खुब्याचं अस्थिव्यंग म्हणून वेगळं. अर्जात एकच लिहिलं तर दुसरं राहून जातं. दोन्ही नोंदवा आणि दोन्हीचे कागद लावा.

शिवाय हा आजार ऋतूबरोबर बदलतो. डिसेंबर-जानेवारीच्या थंडीत आणि मे महिन्याच्या ४५ अंशांच्या उन्हात, अंगातलं पाणी कमी झालं की दुखण्याचे झटके वाढतात. तपासणी ऑगस्टमध्ये आली आणि तो आठवडा बरा गेला, तर माणूस म्हणतो ‘सध्या ठीक आहे’. ते खरंच आहे, पण पुरं नाही. असं सांगा: “आज बरा दिवस आहे. महिन्यातून असे साधारण अठरा-वीस दिवस असतात. बाकीच्या दिवशी घरातल्या घरात भिंत धरून चालतो. गेल्या वर्षी तीनदा भरती व्हावं लागलं, हे डिस्चार्ज कार्ड.” आकडे अर्थातच तुमच्या वहीतले, माझे नव्हेत.

कागद

तारखेप्रमाणे लावा, नवा वर. जुनं प्रमाणपत्र, यूडीआयडी कार्ड, आधार, गेल्या दोन-तीन वर्षांचे केसपेपर, डिस्चार्ज कार्ड, एक्स-रे, असल्यास एमआरआयचा अहवाल, फिजिओथेरपी सुरू असेल तर तिथली नोंद. एक्स-रेच्या फिल्म गुंडाळी करून नेऊ नका, त्यांना भेगा पडतात. मधल्या काळात चालणं बिघडलं असेल तर तपासणीच्या आधी एकदा अस्थिरोग ओपीडीत जाऊन डॉक्टरांकडून ते केसपेपरवर लिहून घ्या. ‘काठी वापरतो’ एवढे दोन शब्द जरी डॉक्टरांच्या अक्षरात असले तरी आपल्या तोंडी सांगण्याला वजन येतं.

वहीचा एक पानाचा गोषवारा वेगळा काढा. पूर्ण वही वाचायला मंडळाकडे वेळ नसतो. पानावर वर नाव आणि यूडीआयडी क्रमांक, खाली ‘मागच्या तपासणीच्या वेळी’ आणि ‘आता’ असे दोन रकाने. बदल एका नजरेत कळायला हवा.

अर्ज यूडीआयडीच्या स्वावलंबन पोर्टलवर होतो, घरून किंवा सेवा केंद्रातून. नूतनीकरणाचाच पर्याय निवडा. सेवा केंद्रातला मुलगा घाईत नवीनच नोंदणी करून देतो आणि एका माणसाच्या दोन नोंदी होऊन बसतात. मग ते निस्तरायला महिने जातात. शेजारी बसून पडद्याकडे लक्ष ठेवा आणि पावतीचा प्रिंट घेतल्याशिवाय उठू नका.

तपासणीच्या दिवशी

सकाळी लवकर जा, गर्दी असते. काठी, वॉकर, कॅलिपर, जे रोज वापरता ते घेऊन जा. ‘डॉक्टरांसमोर काठी बरी दिसत नाही’ म्हणून घरी ठेवून गेलेले लोक मी पाहिले आहेत. रोजचे जोडेही घाला. एका बाजूने घासलेला तळवा पुष्कळ काही सांगतो. गुडघ्यापर्यंत सहज वर करता येईल असं काहीतरी नेसा किंवा घाला. आणि रोजचं औषध घेता तेवढंच घ्या. त्या दिवसापुरती जादा गोळी घेऊन गेलात तर डॉक्टरांना तुम्ही दिसणार नाही, गोळी दिसेल.

सोबत असा माणूस न्या जो तुमच्याबरोबर राहतो. पण त्याला आधी सांगून ठेवा की तुमच्याआधी बोलायचं नाही. तुम्ही विसरलात तर त्याने आठवण द्यायची.

प्रश्न आला की ‘हो’ किंवा ‘नाही’वर थांबू नका. “चालता येते का?” याचं उत्तर: “येते सर, काठी घेऊन दीडशे मीटरपर्यंत. मध्ये एकदा-दोनदा थांबावं लागते. त्यानंतर दोन तास पडून राहावं लागते.” “जिना?” “एक मजला चढतो, कठडा धरून, एकेका पायरीवर दोन्ही पाय ठेवत. उतरताना जास्त त्रास होते.” करून दाखवायला सांगितलं आणि दुखायला लागलं तर तिथेच सांगा, “सर, आता दुखायला लागलं.” दात आवळून पूर्ण करून दाखवण्याची ही जागा नव्हे.

तसंच, जे जमतं ते जमत नाही म्हणू नका. हे मी कळकळीने सांगते. मांडीचा घेर टेपने मोजला की न वापरलेला पाय किती बारीक झाला ते कळतं. रोज चालणाऱ्या पायाचा स्नायू खोटं बोलत नाही. एकदा डॉक्टरांना शंका आली की तुमच्या खऱ्या दुखण्यावरचाही त्यांचा विश्वास उडतो. अधिनियमाच्या कलम ९१ नुसार लबाडीने लाभ घेतल्यास दोन वर्षांपर्यंत कैद किंवा एक लाख रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही होऊ शकतात.

चालणं सुधारलं असेल तर

खुबा बदलण्याची शस्त्रक्रिया झाली, नवीन कृत्रिम पाय बसवला, फिजिओथेरपीने लकव्याची बाजू सावरली, तर तेही सांगायचं. लपवलं तर पुढच्या पडताळणीत ते उघडं पडतं. पण सुधारणा सांगतानाही तीच पाच शब्दांची फूटपट्टी वापरा. “शस्त्रक्रियेनंतर दुखणं गेलं, सपाट रस्त्यावर अर्धा किलोमीटर काठीशिवाय चालते. पण उकिडवं आणि मांडी घालून बसायला डॉक्टरांनी कायमची मनाई केली आहे, हा त्यांचा कागद.” हे दोन्ही एकाच दमात सांगा. बरेच जण सुधारणेच्या आनंदात मनाईचा कागद घरीच विसरतात.

टक्के चुकीचे वाटले तर

प्रमाणपत्र नाकारलं असेल तर कारण लेखी मिळण्याचा तुमचा हक्क आहे. ते मागा. टक्केवारी पटत नसेल तर कलम ५९ खाली अपील करता येतं आणि त्यासाठी निर्णयाच्या तारखेपासून ९० दिवस मिळतात. अपिलाच्या अर्जात थोडक्यात हकिकत, कोणती गोष्ट विचारात घेतली गेली नाही ते, आणि सोबत प्रमाणपत्राची किंवा नकाराच्या पत्राची प्रत. अन्याय झाला, गरीब आहोत, एवढंच लिहून भागत नाही. भावाच्या अपिलात मी तीन मुद्दे लिहिले होते: सिकलसेलचा वेगळा विचार झाला नाही, तपासणीनंतरचा एमआरआय हा असा आहे, आणि नऊपैकी या चार क्रिया तपासल्याच गेल्या नाहीत. सोबत गोषवाऱ्याचं पान. दुसऱ्या तपासणीला तो काठी घेऊन गेला, रोजच्या शर्टात, आणि त्याने थांबून थांबून सगळं सांगितलं. ४६ टक्के मिळाले.

मधल्या काळात अनुदान थांबलं होतं, ती ओढाताण मात्र कुणी भरून दिली नाही. म्हणून ९० दिवस आहेत म्हणून ८९ व्या दिवसाची वाट पाहू नका.

तहसीलला कळवणं

नवं प्रमाणपत्र हातात आलं की टक्के वाढोत, कमी होवोत किंवा तेवढेच राहोत, संजय गांधी योजनेच्या शाखेत त्याची प्रत द्या. एक कार्यालय दुसऱ्याला आपोआप कळवेल या भरवशावर राहू नका. अर्ज साधा असावा:

“मी संजय गांधी निराधार अनुदान योजनेचा/ची लाभार्थी असून माझ्या दिव्यांगत्व प्रमाणपत्राची मुदत दि. … रोजी संपली होती. फेरतपासणी होऊन दि. … रोजी … टक्क्यांचे नवीन प्रमाणपत्र मिळाले आहे. त्याची व यूडीआयडी कार्डाची प्रत सोबत जोडली आहे. कृपया माझ्या नस्तीत नोंद घ्यावी ही विनंती.”

खाली बँक खात्याचे शेवटचे चार अंक आणि मोबाइल क्रमांक. अर्जाच्या दोन प्रती न्या, एक द्या आणि दुसऱ्या प्रतीवर शिक्का, तारीख आणि आवक क्रमांक घ्या. “ठेवून द्या, करतो” असं म्हणाले तर शांतपणे म्हणा, “पोच द्या जी, मग जातो.” ती पोच आणि चौदा दिवसांची वही एकाच फाइलमध्ये ठेवा. पुढच्या तपासणीत ‘मागच्या वेळी’चा रकाना त्याच वहीवरून भरायचा आहे.